भांडी बाजार : चौदा पेले, तेरा नावं

आधी पत्ता सांगतो, कारण या दुकानाला पाटी नाही. नाशिकच्या सराफ बाजारातून गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, अंगाला उतरायला लागलं की भांडी बाजार सुरू होतो. तिथं एका उंबऱ्याला लागून जुना तांब्याचा बंब ठेवलेला दिसेल, तेच दुकान. बंब विकायला नाही. विचारू नका, आजी चिडतात. गाडी आत घालू नका. गंगेवर लावा आणि चालत वर या. बुधवारी तर जाऊच नका, बाजाराचा दिवस असतो, गंगेवरही चाक टेकवायला जागा मिळत नाही.

भांडी तिथं सगळी मिळतात आणि भाव आजूबाजूला आहे तोच आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मी लिहितोय ते भांड्यांवर नाव घालून देण्याच्या कामाबद्दल. दुकानातून भांडं घेतलं तर नाव फुकट. घरून आणलं तर नगाला १० रुपये. मजकूर लांबलचक असला, म्हणजे ‘चि. सौ. कां. हिस विवाहाप्रीत्यर्थ मामा-मामींकडून सप्रेम भेट’ या छापाचा, तर २०.

मी कोण आणि मला यातलं काय कळतं, तर मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये ३४ वर्षं काढली. इंडिया सिक्युरिटी प्रेस. पोस्टाची तिकिटं, स्टॅम्प पेपर, पासपोर्टची कोरी पुस्तकं हे सगळं तिथं छापतात. पासपोर्टात नाव भरलं जातं ते नंतर, दुसरीकडे. आमच्याकडून पुस्तक कोरंच बाहेर पडतं. या नोकरीनं एक खोड लावली. अक्षर केसभर हललेलं असलं तरी नजर तिथंच अडकते. लग्नपत्रिका आली की मी आधी ऱ्हस्व-दीर्घ बघतो आणि मग कुणाचं लग्न आहे ते.

त्यामुळे पहिल्यांदा मी फसलो ते माझ्याच हौसेनं. म्हटलं, लेझरनं करून घेऊ, अक्षर एकसारखं येईल. शहरातल्या एका गिफ्टच्या दुकानात एक पेला नमुन्याला दिला. ज्याचा पेला त्याच्या नावात सुरुवातीलाच वेलांटी, मग जोडाक्षर आणि शेवटी रफार. (नाव सांगत नाही, पण बुद्धाचंच आहे.) पोरानं मजकूर मशीनच्या कॉम्प्युटरमध्ये चिकटवला आणि फाँट फुटला. वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली, जोडाक्षराचे दोन तुकडे झाले, रफार जमिनीवर आला आणि पाय मोडून पडला. मी दाखवलं तर म्हणतो, ‘काका, एवढं कोण बघतं?’ पैसे दिले, पेला पिशवीत टाकला आणि निघालो. तो पेला आता आमच्याकडे दाढीच्या पाण्याला आहे.

चौदा पेले कशाला, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. शहरातल्या एका बालगृहात मी दर रविवारी दहा ते साडेअकरा गोष्ट सांगायला जातो. तिथल्या मुलांची नावं बाहेर लिहायची नसतात, तसा कायदाच आहे आणि बरोबर आहे. म्हणून लेख नावांबद्दल असूनही यात मुलांचं एकही नाव सापडणार नाही. जूनपासून आम्ही किपलिंगचं ‘किम’ घेतलं आहे. १९०१ सालचं पुस्तक. माझी प्रत इंग्रजी, रद्दीतून ३० रुपयांना घेतलेली, पाठीला सेलोटेप. शनिवारी रात्री मी पुढचा भाग वाचतो आणि रविवारी आपल्या भाषेत सांगतो. किपलिंग साहेबी तोऱ्याचा माणूस. ‘हे पूर्वेकडचे लोक असेच’ अशी वाक्यं तो येता-जाता टाकतो. तिथं मी थांबतो आणि पोरांना सांगतो, लिहिणारा कुठं बसून लिहितोय तेही बघा. पण अनाथ पोराच्या हातात, गळ्यात, खांद्यावर कुठली वस्तू कधी येते आणि कुणाच्या हातून येते, हे त्याच्याइतकं बारकाईनं लिहिणारा मला दुसरा भेटलेला नाही.

गोष्ट सुरू होते तोफेवर. लाहोरच्या अजबघरासमोर, म्हणजे म्युझियमसमोर, झमझमा नावाची तोफ आहे आणि किम तिच्यावर टांग टाकून बसलाय. बसायला मनाई आहे, म्हणून तर बसलाय. ज्याच्या ताब्यात झमझमा त्याचा पंजाब, असं तिथं म्हणत. ही तोफ १७५७ साली लाहोरातच ओतली. तांब्या-पितळेची. धातू कमी पडू नये म्हणून घराघरातून एकेक भांडं उचललं, अशी तिची आख्यायिका. आणि १७६१ला पानिपतावर अब्दालीकडून ती आपल्या लोकांवर डागली गेली. हे मी सांगायला नको होतं बहुतेक. पोरं किमवर एकदम नाराज झाली. आपल्यावर डागलेल्या तोफेवर हा बसतोच कसा? बराच गोंगाट झाला. शेवटी सगळ्यात धाकटी म्हणाली, ‘त्याला बसायला दुसरं काही नसेल.’ तिथं विषय मिटला.

किमच्या गळ्यात कातड्याचा ताईत आहे. बाप आयरिश, पलटणीत सार्जंट. आई फिरोजपूरला कॉलऱ्यानं गेली. बाप पलटण सोडून रेल्वेत लागला, पलटण त्याला मागं ठेवून मायदेशी गेली, आणि तो पुढं दारूत आणि अफूत संपला. ज्या बाईनं पोर सांभाळलं तिनं बापाची दोन प्रमाणपत्रं आणि पोराचा जन्मदाखला असे तीन कागद ताईतात शिवून त्याच्या गळ्यात घातले. (मायदेशी जाणारे असे गोरे शिपाई मुंबईला बोटीत चढण्याआधी आपल्या देवळालीच्या कॅम्पात पडून असत. बोटीची वाट बघून डोकी फिरायची, त्यावरून इंग्रजीत वेडसराला ‘डुलाली’ म्हणायला लागले. ते नाव आपल्या देवळालीचं. पुढचे तीन रविवार सगळी पोरं एकमेकांना डुलाली म्हणत होती.)

नववीतला एक मुलगा आहे. तो भिंतीला टेकून बसतो आणि आपण ऐकत नाही असं दाखवतो. ताईताचं सांगून झाल्यावर तो म्हणाला, ‘म्हणजे फाईल.’

मला पटकन कळलं नाही.

‘ऑफिसातल्या कपाटात आमची असते ना, ती. त्याची गळ्यात आहे एवढंच.’

प्रेसमध्ये इतकी वर्षं कागदांच्या गराड्यात काढली, पुस्तकही दोनदा वाचून झालं होतं, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

पुढं त्या फाईलीचं काय होतं ते त्यानं लक्ष देऊन ऐकलं. बाप नशेत बरळायचा की हिरव्या शेतातला तांबडा बैल एक दिवस तुला न्यायला येईल, आणि त्याच्याबरोबर नऊशे सैतान. तो बैल किमला खरंच दिसतो. छावणीची जागा आखायला आलेल्या शिपायांच्या निशाणावर असतो, बापाच्याच पलटणीच्या. रात्री तंबूपाशी हा डोकावायला जातो, पाद्र्याच्या हाती सापडतो, ताईत फुटतो, कागद वाचले जातात. अरे, हा तर आपल्या सार्जंटचा पोरगा! मी इथं जरा थांबलो. वाटलं, टाळ्या पडतील. एकही पडली नाही. त्यांनी विचारलं, मग त्याला कुठं ठेवलं? बराकीत. बूट घालायला लावले, टोचणारे कपडे दिले, शाळेत बसवलं. ‘मग पळाला?’ पळायचं बघतोच आहे, म्हटलं. सगळ्यांनी अगदी समजूतदारपणे माना हलवल्या.

याच्या उलट तो लामा. तिबेटातून आलेला म्हातारा, पापातून सोडवणारी कुठली तरी नदी शोधत हिंडणारा. अजबघराचा साहेब त्याच्या चष्म्यावरचे ओरखडे बघतो आणि स्वतःचा चष्मा काढून देतो. लामा त्याला आपली लोखंडी जाळीकामाची कलमदाणी देतो. झालं. कुठं सही नाही, शिक्का नाही. किम हे सगळं दाराआडून बघत असतो. मग तो उठतो, लामाचं भिक्षेचं वाडगं उचलतो आणि ओळखीच्या भाजीवालीकडून भरून आणतो. त्या क्षणापासून तो चेला. पुढं हाच भिक्षेवर जगणारा लामा कुठून कुठून वर्षाला ३०० रुपये पाठवून त्याची फी भरतो. पलटणीनं किमला कागदावरून ओळखलं. लामाला त्याचा कागद कधी लागलाच नाही.

पेल्यांची मागणी इथून निघाली. ‘किमला वाडगं आहे. आम्हाला आपापला पेला पाहिजे.’

त्या बालगृहात भांड्यांची ददात नाही. ताटांवर नंबर आहेत. नंबर नाहीत तिथं दात्यांची नावं आहेत. पंख्याच्या पात्यावर ‘कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ’, पाण्याच्या टाकीवर कुणाची पंचाहत्तरी, कपाटावर कुणाचा पहिला वाढदिवस. देणाऱ्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, माझ्या आईच्या नावाचंही एक घड्याळ एका शाळेत लागलेलं आहे. पण ही पोरं सकाळपासून रात्रीपर्यंत दुसऱ्यांच्या नावातून जेवतात, पाणी पितात आणि दुसऱ्यांच्या नावाखाली झोपतात. अधीक्षक बाईंना विचारलं, त्या हो म्हणाल्या. प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली आणि सांगितलं, पेल्यावर जे पाहिजे ते स्वतःच्या हातानं लिहा, घडी घाला, मी उघडणार नाही.

तर चौदा चिठ्ठ्या घेऊन मी त्या बंबाच्या दुकानात गेलो. पेले तिथलेच घेतले, जरा जड बुडाचे, कडा आत वळवलेले. गादीवर आजी बसतात, त्यांचा मुलगा नावं घालतो. तो पन्नाशीचा असेल. मूळचे तांबट, वडील छिन्नी-हातोडीनं टिंबाटिंबांची अक्षरं पाडायचे. ती छिन्नी त्यानं मला दाखवली, पेन्सिलीएवढी, टोक तीळभर. मी म्हटलं, पेल्यांवरही तसंच करून द्या, काय होतील ते पैसे घ्या. तर नाही म्हणाला. ‘तांब्या-पितळेवर करतो अजून. स्टीलवर छिन्नी घसरते. तुमचे पैसे जातील, माझं बोट जाईल.’

आजींनी पेले मोजले आणि विचारलं, ‘कुणाकडून घालायचं?’

म्हटलं, कुणाकडूनच नाही. नुसती नावं.

‘नुसतं नाव उघडं दिसतं हो,’ आजी म्हणाल्या. ‘आमच्याकडं चाळीस वर्षांत नुसत्या नावाची भांडी कुणी नेली असतील तर ती वाटणीची. भाऊ वेगळे झाले की. नाहीतर भांड्यावर देणारा पाहिजेच.’

त्यांचं खोटं नव्हतं. आमच्या घरातल्या प्रत्येक डब्यावर कुणी ना कुणी आत्या, मावशी बसलेली आहे, आणि डबा काढताना तिची आठवण निघते. आपल्याकडे ही चाल आजची नाही. पांडवलेण्यांतले लेख बघा, दोन हजार वर्षांपूर्वीचे. कोणी दिलं ते खडकात कोरून ठेवलंय, राण्यांनी आणि साध्या कोळ्यानंही. गौतमी बलश्रीचा तो मोठा लेख तिथलाच. तिच्या मुलाचं नाव आपण गौतमीपुत्र सातकर्णी असंच घेतो, आईवरून. पण घरच्या डब्यावरची मावशी वेगळी आणि टाकीवरचा दाता वेगळा, हे आजींना कसं सांगावं ते मला सुचेना. शेवटी बालगृहाचं नाव न घेता पेले कुणासाठी आहेत तेवढं सांगितलं. आजी काही बोलल्या नाहीत. एक पेला उचलून त्याच्या बुडाला पदर फिरवला आणि मुलाकडं सरकवला.

आता कामाबद्दल. हात फार सुरेख आहे. पेला लाकडाच्या ठोकळ्यावर उपडा घालतो, डाव्या हाताच्या अंगठ्यानं धरतो, उजव्या हातात विजेचं पेन. आवाज दाताच्या डॉक्टरकडच्यासारखा, त्याची सवय करून घ्यावी लागते. आधी आखत नाही, खडू नाही, पट्टी नाही. पहिल्यांदा सगळी अक्षरं बिनरेघेची काढतो. तेवढा वेळ नाव गुजराती वाटतं. मग पेला फिरवत एका दमात वरची शिरोरेघ ओढतो आणि ते आपलं होतं. वेलांटी जिथल्या तिथं, रफार डोक्यावर. लेझरवाल्यानं ज्याची वाट लावली होती ते नाव मी मुद्दाम जवळ जाऊन बघितलं. जोडाक्षर त्यानं जुन्या वळणाचं काढलं होतं, एकाखाली एक. मी चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा बघितलं. माझ्या सेक्शनला असता तर मी पास केला असता.

चिठ्ठ्यांत नमुने होते. बहुतेकांनी नुसतं पाळण्यातलं नाव. एकानं नाव आणि पुढं आईचं नाव, बाकी काही नाही. त्यावर हे गृहस्थ म्हणाले, ‘आता सरकारचंही तसंच झालंय ना. १ मे २०२४पासून जन्मलेल्यांना कागदोपत्री आधी आईचं, मग वडलांचं. सगळं घालायचं म्हटलं तर पेला पुरायचा नाही, घागर लागेल.’ दोन भावंडांच्या चिठ्ठ्यांवर दोघांचीही नावं, दोन्हींवर तीच. धाकटीनं नावाशेजारी फूल काढून पाठवलं होतं, पाच पाकळ्या, एक मोठी. त्यानं फूल तसंच घातलं, मोठी पाकळी मोठीच ठेवून, आणि त्याचे पैसे लावले नाहीत.

तक्रारी आहेत. चार वाजता या म्हणाले, पेले हातात पडले साडेसातला. माणूस बोलायला लागला की पेन खाली ठेवतो, आणि बोलतो फार. भिंतीवर २०१६ आणि २०१९च्या पुराच्या रेघा मारून ठेवल्या आहेत, त्या दाखवल्याशिवाय तो गिऱ्हाईक सोडत नाही. (२०१९ला नावं घालून ठेवलेली गिऱ्हाइकांची भांडी वाहून गेली. त्यातली तीन पातेली लोकांनी नावं वाचून परत आणून दिली; एक कोरा हंडा होता, तो गेला तो गेलाच. ही गोष्ट मी दोनदा ऐकली.) एका पेल्यावर सुई सरकली आणि आडवा ओरखडा आला. पॉलिशनं घालवतो म्हणाला, पण मी नको म्हटल्यावर वाद न घालता नवा पेला काढला. पावती मागितली तर कॅलेंडरच्या पानाच्या मागं लिहून देतात. क्यूआर कोड आहे, पण आजी फोनचा आवाज ऐकल्याशिवाय पिशवी सोडत नाहीत. आणखी एक, आधी माहीत असलेलं बरं: पेनानं घातलेलं नाव छिन्नीच्या नावाइतकं खोल नसतं. तारेच्या घासणीनं रोज घासलं तर काही वर्षांनी पुसट होईल, हे त्यानं स्वतःच सांगितलं. पाचांतले चार तारे. एक वेळेबद्दल कापला.

तेरा झाले आणि चौदाव्या चिठ्ठीची घडी उघडून तो म्हणाला, ‘काका, ही कोरी आहे.’

उलटसुलट करून बघितली. कोरीच. घड्या मात्र चार, अगदी नखानं दाबलेल्या. कुणाची ते मला विचारावं लागलं नाही. त्याच्या नावाचा पेला मी माझ्या मनानं करून घेऊ शकलो असतो, नाव मला माहीत आहे. हात पुढं केला आणि मागं घेतला. म्हटलं, हा राहू द्या.

पुढच्या रविवारी तेरा पेले वाटले. भावंडांनी आपापले पेले लगेच एकमेकांशी बदलले. दोन्हींवर मजकूर तोच असल्यानं यात नक्की काय झालं ते त्यांनाच ठाऊक. धाकटी दिवसभर पेला घेऊन फिरत होती म्हणे, पाणी न घालता. नववीतला भिंतीशी होता. गोष्ट संपल्यावर विचारलं, चिठ्ठी चुकून कोरी गेली का रे?

‘चुकून नाही.’

‘मग नाव काय घालू?’

‘फाईलीतलं नाव इथं आल्यावर ठेवलंय. आडनाव पण.’ हे त्यानं जेवण झालंय, भूक नाही म्हणावं तसं सांगितलं. मग म्हणाला, ‘किमचं तरी कुठं ठरलंय अजून? दर दोन प्रकरणांनी विचारतो, मी कोण म्हणून. त्याचं काय होतं ते बघून सांगतो.’

शेवट मी वाचलेला आहे, पण आत्ता सांगण्यात अर्थ नव्हता.

मंगळवारी पुन्हा भांडी बाजारात गेलो आणि म्हटलं, तो पेला कोराच द्या, घरी ठेवतो, पोरानं सांगितलं की घेऊन येईन. आजींनी दिला नाही. फळीवर नेहमीच्या गिऱ्हाइकांची भांडी असतात, त्या रांगेत त्यांनी तो केव्हाच लावून टाकला होता, रबराखाली चिठ्ठी घालून. ‘इथं राहू दे. त्यालाच घेऊन या, समोर बसवून घालू,’ म्हणाल्या. ठेवायचे पैसे? ‘पैसे मिळालेत.’

चिठ्ठी वाचली. कॅलेंडरचंच पान, पेन्सिलीनं: १ पेला, पैसे जमा, नाव बाकी.

आमची दोन प्रकरणं राहिली आहेत.